चपला बाहेर

आमचे घरमालक आमच्या खोलीत कधी बसले नाहीत. खोली त्यांचीच होती. भिंती त्यांच्या, फरशी त्यांची, भिंतीतली ओलसुद्धा त्यांचीच. आमचं म्हणाल तर आतलं सामान आणि आमची भांडणं. तरी अधूनमधून ते जिना चढून वर यायचे, दारात उभे राहायचे आणि मी ‘या ना, बसा’ म्हटलं की पंजा वर करून म्हणायचे, “नको, जरा घाईत आहे.”

ते निवृत्त होते. घाई कसली, तर खाली जाऊन अंगणातल्या खुर्चीत बसायचं आणि रस्त्याकडे बघायचं. माझा स्वभाव पहिल्यापासून तोंडाळ. एकदा मी विचारलंसुद्धा, “मालक, कुठली गाडी चुकते तुमची?” ते हसले, पण उंबरा काही ओलांडला नाही. “भाडेकरूचं घर म्हणजे परक्याचं घर,” म्हणाले, आणि उतरून गेले.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. वाशीतल्या एका सेक्टरात त्यांचं बैठं रो-हाउस होतं, वर एक खोली चढवलेली. खाली ते दोघं, वर आम्ही दोघं. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक, नवरा घाऊक बाजारात एका कांदे-बटाट्याच्या गाळ्यावर कारकून. त्यामुळे आमच्या घरात कागद नसायचे, बटाटे मात्र भरपूर. नवरा त्यांना ‘मालक’ म्हणायचा म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला मात्र आम्ही काकू म्हणायचो.

परक्याच्या घराबद्दल मालकांची स्वतंत्र मतं होती आणि ती ते न विचारता सांगत. “हॉटेलातली उशी म्हणजे सार्वजनिक डोकं,” हे एक. “पाहुणा उभा असतो तोवर पाहुणा, बसला की अडचण,” हे दुसरं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला नाशकाला गेले, अक्षता टाकल्या, उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला आणि त्याच दिवशी परत. पाण्याचा स्वतःचा पेला पिशवीत. कुणाकडे जायची वेळ आलीच, तर बेल वाजवून चार पावलं मागे सरकून उभे राहायचे, म्हणजे दार उघडणाऱ्याला वाटावं की हा माणूस निघालाच आहे.

आणि या सगळ्याचं खापर काकूंच्या माथी. “मला काही नाही हो,” ते गल्लीत कुणालाही सांगायचे, “हिला घर सोडवत नाही. हिचा जीव घरात अडकलेला असतो.”

गंमत अशी की काकू घरात सापडायच्याच नाहीत. सकाळी एकीच्या पापडाच्या पिठाला हात लावायला, दुपारी दुसरीच्या बाळाला न्हाऊ घालायला, संध्याकाळी तिसरीच्या सासूशी बोलायला. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडे ठेवली होती, कारण मी त्यांच्यापेक्षा जास्त घरी असायचे. मी तर नोकरी करत होते.

काकूंची एक इच्छा होती, आणि तीही सगळ्या गल्लीला माहीत होती. त्यांना समुद्र बघायचा होता. माहेर साताऱ्याकडचं, लग्नानंतर ठाण्याला चाळीत, मग वाशी. लग्नानंतरचा सगळा जन्म पाण्याच्या आसपास जाऊन समुद्र काही दिसला नव्हता. “ही खाडी काय कामाची,” त्या म्हणायच्या, “नुसता वास आहे, लाट कुठाय?” लग्न झालं तेव्हा मालकांनी शब्द दिला होता की थंडीत अलिबागला नेईन, रात्रभर लाटा ऐकू. तो शब्द त्यांच्या लेकीपेक्षा मोठा झाला. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, शब्द मात्र घरीच राहिला. दिवसभरात जाऊन येणं काकूंना मंजूर नव्हतं. “बघायचा तर मुक्काम करून बघायचा,” हे त्यांचं म्हणणं. मुक्काम म्हटलं की मालक म्हणायचे, “बघा, म्हणजे हिला घर सोडवत नाही.” यातलं ‘म्हणजे’ कुठून आलं ते मला कधी कळलं नाही.

एका दिवाळीनंतर मालकांनी एक मिनीबस आणली. कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेली, पिवळी, मागच्या काचेवर ‘मुले आहेत, सावकाश’ असं लिहिलेलं. अंगणात ती बरोब्बर मावली, पण आता अंगणात बसनं जागा घेतल्यामुळे मालकांना खुर्ची ठेवायला जागा उरली नाही. मग ते बसमध्येच बसून रस्त्याकडे बघायला लागले.

“घरच घेऊन जायचं,” त्यांनी दारात उभं राहून मला जाहीर केलं. “मग तर झालं? हिला घर सोडायला नको, घराला ही सोडायला नको.”

पुढे महिनाभर ते ठोकत होते. शाळेची बाकडी काढली, दोन झोपायच्या फळ्या बसवल्या. एक बुटकं बाकडं पाहुण्यांसाठी ठेवलं, त्याच्यावर पाहुणा बसला की गुडघे हनुवटीला लागत. मागच्या कोपऱ्यात मोरी केली, तिच्यात उभं राहिलं की बादली बाहेर ठेवावी लागे आणि बादली ठेवली की माणूस. टपावर पाण्याची टाकी. टप गळत होता, तर करावे गावातून एक होड्या दुरुस्त करणारा गाठून आणला, त्यानं वर डांबर फासलं आणि जाताना म्हणाला, “आता पान्यात घातली तरी बुडायची नाय.” मालकांनी हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की समोरचे शेजारी खरंच विचारायला लागले, ही खाडीत कधी उतरवणार.

स्वयंपाकाचा ओटा मात्र काकूंच्या ओट्याची हुबेहूब नक्कल. डाव्या हाताला मिसळणाचा डबा, उजव्या हाताला चहा-साखर, समोर खिळ्याला सांडशी. “डोळे मिटून हात घातला तरी आपल्याच घरात आहे असं वाटलं पाहिजे हिला,” ते म्हणायचे. काकू बघायच्या, ‘हो हो’ म्हणायच्या आणि शेजारी निघून जायच्या.

मग पूजेचा प्रश्न आला. गुरुजी नारळ घेऊन आले, बघतात तर बस. ते चाकाशी नारळ ठेवून वाहनपूजेची तयारी करायला लागले. मालक म्हणाले, “वाहनपूजा कसली? वास्तुशांत करायची आहे.”

“अहो, वास्तू हलत नाही,” गुरुजी म्हणाले.

“ही हलते.”

“मग पूर्व कुठली धरू? आज तोंड इकडे आहे, उद्या तिकडे असेल.”

मालकांनी थोडा विचार केला. “वाशीची पूर्व धरा,” म्हणाले. “कुठेही गेलो तरी घर वाशीचं.”

गुरुजींनी शेवटी दोन्ही उरकलं. सोसायटीच्या चेअरमनना हे कळलं आणि त्यांनी येऊन सांगितलं की वास्तुशांत झाली असेल तर हे वाढीव बांधकाम आहे. मालकांनी ताबडतोब गाडी चालू करून गल्लीत एक फेरी मारून दाखवली. चेअरमन बसमागे चालत होते आणि ‘तसं नाही हो, तसं नाही’ म्हणत होते. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणाला टीव्ही लावावा लागला नाही.

वास्तुशांत झाल्यामुळे बसला उंबरा आला, आणि उंबरा आला म्हणून नियम आला: चपला बाहेर. दाराखाली जमिनीवर पायपुसणं टाकायचं, त्याच्या शेजारी चपला ओळीत काढायच्या, मग पाय पुसून आत. मालकसुद्धा अनवाणी पायांनी क्लच दाबायचे. “देवघर आहे आत,” ते म्हणायचे. होतं खरं, आरशाच्या वर, एक छोटा गणपती आणि प्लास्टिकची जास्वंद.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे चौघं. माझ्या नवऱ्याला नेलं ते धक्का मारायला माणूस हवा म्हणून, हे त्याला निघेपर्यंत सांगितलं नव्हतं. मला काकूंनी नेलं. “तू आलीस तर मी येते,” त्या म्हणाल्या. “दिवसभर यांच्याशी काय बोलू?”

हवा छान गार होती. काकूंनी बसमध्येच शाल पांघरून खिडकी धरली होती. पनवेल मागे पडलं, पेण गेलं, आणि वडखळला एका टपरीशी मालकांनी बस थांबवली, कारण त्यांना चहा हवा होता आणि चालत्या घरात शेगडी पेटवायची नाही हा दुसरा नियम होता. पायपुसणं खाली टाकलं. घरून निघताना दारामागे ठेवलेल्या चपला खाली टाकल्या, उतरून घातल्या, चहा घेतला. टपरीवाल्यानं बाकडं पुढे केलं, आम्ही तिघं बसलो, मालक उभे. मग परत येऊन आम्ही चपला ओळीत काढल्या, पाय पुसले, आत चढलो. मालकांनी पायपुसणं आठवणीनं झटकून आत घेतलं, आणि बस निघाली.

अलिबागला पोचल्यावर काकू दार उघडून उडी मारणार, तेवढ्यात थबकल्या. खाली बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “चपला?”

आम्ही तिघांनीही दारातून वाकून बघितलं. मग माझा नवरा म्हणाला, “पायपुसणं तर घेतलंय.” मला असं हसू फुटलं की मी त्या बुटक्या बाकड्यावरून घसरले. चार जोड चपला वडखळच्या रस्त्याकडेला ओळीनं उभ्या होत्या आणि आम्ही अलिबागला अनवाणी. मालक मात्र गंभीर होते. “नियम चुकीचा नाही,” म्हणाले, “अंमलबजावणी चुकली.”

समुद्र समोरच होता. काकू अनवाणीच वाळूत उतरल्या आणि दहा पावलं जाऊन उभ्या राहिल्या. काकूंना बोलायला शब्द सापडले नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

सुट्टीचे दिवस, किनाऱ्यावर जत्रा. घोडागाड्या, भेळवाले, पतंग. आमची बस लावल्या लावल्या तिच्या खिडकीशी पोरांचं एक टोळकं आलं. एकानं काच वाजवली.

“काका, चार वडापाव.”

मालक चमकले. “वडापाव? हे घर आहे!”

“मग घरगुती काय आहे? काय पण चालेल, भूक लागलीये.”

“अरे, घर म्हणतोय ना! माणसं राहतात इथे!”

“टेन्शन नको घेऊ काका, थांबतो आम्ही.”

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “पोहे चालतील का रे?” त्या आत चढल्या, डोळे मिटून मिसळणाच्या डब्याला हात लावून बघितला आणि परात काढली. बटाटे आमच्या नवऱ्यानं आणलेच होते, पिशवीभर. अर्ध्या तासात खिडकीखाली रांग लागली. काकू कोण कुठले विचारत होत्या, कुणाची आई कुठं असते, कुणाचं लग्न ठरलं, ते सगळं. मी कोथिंबीर चिरत होते. पैसे त्या घेत नव्हत्या, त्यामुळे रांग वाढतच होती. मालक ड्रायव्हरच्या सीटवर पाठ करून बसले होते आणि मधूनमधून स्वतःशीच ‘घर आहे, घर आहे’ म्हणत होते.

शेवटी एक हवालदार आला आणि किनाऱ्यावर धंदा लावायला मनाई आहे म्हणाला. “धंदा नाही, घर आहे,” मालक म्हणाले. हवालदारानं बस खालपासून वरपर्यंत पाहिली. “मग घर बांधायलाबी मनाई हाय,” तो म्हणाला. काकूंनी त्याला पोहे दिले. तो खाताखाता म्हणाला, नागावला माझ्या चुलतबहिणीची वाडी आहे समुद्राला लागून, तिथं लावा गाडी, माझं नाव सांगा.

अशी आमची बस नारळी-पोफळीच्या वाडीत पोचली. वाडीवाल्या वहिनी पन्नाशीच्या, अंगानं आणि आवाजानं दणकट. बस बघून त्यांनी प्रश्न एकच विचारला, “आत मोरीबी हाय?” मग बस वळताना ओरडल्या, “माडाखाली नका लावू! नारल परल टपावर!” आमचे अनवाणी पाय त्यांना लगेच दिसले. काही न विचारता आत जाऊन त्यांनी स्वतःच्या सपाता आणून काकूंपुढे टाकल्या.

“आज पोपटी लावलीय,” त्या म्हणाल्या. “या सगली ओटीव.”

थंडीत त्या बाजूला वालाच्या शेंगा भरून येतात. मडक्यात त्या शेंगा, बटाटे, रताळी भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून वर पेंढा रचून पेटवायचा, तीच पोपटी. अंधार पडायच्या सुमाराला वाडीभर तो वास सुटला. मी आणि काकू निघालो. मालक बसच्या दारात उभे.

“मी इथेच बरा. हिची डाळ-खिचडी आहे डब्यात. आणि घर उघडं टाकून कसं यायचं?”

“कुलूप आहे की,” मी म्हटलं.

“नको. जरा घाईत आहे.” वाडीच्या टोकाला, समुद्राच्या काठावर, पालथ्या मडक्याच्या वासात हा माणूस घाईत होता. माझ्या नवऱ्याला सोबतीला ठेवून आम्ही गेलो. तो रात्री खिचडी खाणार म्हणून माझ्याकडे जे बघत होता ते मी अजून विसरले नाही.

वहिनींच्या घराला ऐसपैस ओटी होती, कडीपाटाला झोपाळा, पलीकडे वाडी आणि वाडीपलीकडे लाटांचा आवाज. शेंगा खाऊन बोटं काळी झाली. काकू वहिनींशी अशा बोलत होत्या की जणू दोघी एका घरात दिलेल्या. हात धुतल्यावर वहिनी सतरंजी झटकत म्हणाल्या, “जेवलाव ना? मग आता आडव्या व्हा.”

काकू एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, शेंग बाधली. आम्ही सतरंजीवर टेकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “हे वाक्य यांना कुणी म्हटलं असतं ना तेव्हा.”

मग त्यांनी सांगितलं. मालक लहान असताना त्यांचे वडील गेले आणि शिक्षणासाठी त्यांना वाईला ठेवलं. ठेवलं म्हणजे वार लावून. सात दिवस, सात घरं. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. जेवायला मिळायचं सगळीकडे, पण थांबायला कुठंच नाही. गुरुवारच्या घरी एक झोपाळा होता. एकदा जेवून हा मुलगा त्याच्यावर बसला आणि त्याचा डोळा लागला. त्या घरच्या मोठ्या माणसानं हलवून उठवलं, ‘जेवलास ना? मग ऊठ.’ बस, एवढंच. मारलं नाही, रागावले नाहीत.

“त्यानंतर परक्याच्या घरी पाठ टेकली नाही त्यांनी,” काकू म्हणाल्या. “मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, परत कधी नाही.”

“आणि तुम्हाला घर सोडवत नाही म्हणून गल्लीभर सांगतात ते?”

“सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, घर सोडून कसं यायचं. तेच धरून बसलेत. असू दे. माझ्या नावावर खपतंय तर खपू दे. बायकोच्या नावावर नवऱ्याचं काय काय खपतं, तुला कळेल हळूहळू.”

“मग ही बस?”

“माझ्यासाठी बांधतोय म्हणाले. मी म्हटलं, बांधा. त्यांना घर बरोबर घेतल्याशिवाय निघता येत नव्हतं आणि मला हा आवाज ऐकायचा होता.” त्या जरा वेळ ऐकत राहिल्या. “पण असा एकटीनंच ऐकायचा नव्हता गं मला. शब्द दोघांचा होता.”

मला तोपर्यंत मालकांचं नुसतं हसू यायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि त्या कुठल्याशा गुरुवारच्या घराचा राग आला, जे बहुधा ही गोष्ट केव्हाच विसरलंही असेल.

सकाळी काकूंनी दोन कामं केली. वहिनींबरोबर बाजारात जाऊन आम्हा चौघांना निळ्या रबरी सपाता आणल्या, सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या टाचा बाहेर आणि माझी बोटं आत. आणि दुसरं म्हणजे बसमध्ये जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि आपल्या पिशवीत टाकला.

“हे काय?” मालक म्हणाले.

“आज घरात चूल बंद. वहिनींनी पानं घेतलीत.”

“मी केळी खाईन.”

“खा की. मी तिकडे जेवणार आहे. घर तुम्ही आणलंत, मी समुद्राला आलेय.” आणि थोडं थांबून, अगदी हळू, “आलात तर बरं वाटेल मला.”

दुपारी आम्ही तिघं ओटीवर पानांवर बसलो. चौथं पान रिकामं. वहिनी वाढायच्या थांबल्या होत्या. मी वाडीकडे बघत होते, काकू मुद्दाम बघत नव्हत्या. मग पोफळींमधून निळ्या सपाता फटफटत आल्या आणि पायरीखाली थांबल्या. मालक उभे. हात पाठीमागे.

“या, बसा,” वहिनी म्हणाल्या.

“नको, जरा घाईत...”

“कुठं जायचंय? गाडी तर माझ्या दारात हाय.”

इतक्या वर्षांत या वाक्याला असं बिनतोड उत्तर कुणी दिलं नव्हतं. मालकांनी बसकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. मग सपाता काढल्या, पायरीशी ओळीत ठेवल्या आणि वर आले.

ते जेवले, पण कसे, ते मी सांगू शकत नाही इतकं अवघड वाटलं बघायला. वालाचं बिरडं, भात, सोलकढी. मान खाली, भराभर, वाढल्याशिवाय काही घेत नव्हते आणि मागत तर नव्हतेच. पासष्टीला आलेला माणूस, पण पानावर बसला होता तो वाईचा मुलगा. शेवटचा घास झाल्याबरोबर त्यांनी स्वतःचं ताट उचललं.

“ठेवा ताट तिथं,” वहिनी आतून म्हणाल्या. त्यांनी ठेवलं. हात धुतले, पंच्याला पुसले आणि पायरीकडे वळले.

“जेवलाव ना?” वहिनींचा आवाज आला.

काकूंचा हात भातात थांबला. मालकही थांबले, एक पाय पायरीवर. त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसत होती.

“मग आता आडवं व्हा तिथं झोपाल्याव. ऊन उतरल्याव चहा टाकते.”

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या जेवलेल्या प्रत्येकाला हेच म्हणत, आदल्या दिवशी आम्हालाही म्हणाल्या होत्या. मालक तसेच उभे राहिले. मग मागे वळले, झोपाळ्याशी गेले, हातानं कडी हलवून बघितली आणि अगदी कडेला टेकले. बराच वेळ तसेच बसून होते. मग एक पाय वर घेतला, मग दुसरा. आम्ही तिघं पानावर पुतळ्यांसारखे. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. लाटांचा आवाज होता, त्यावरून घोरणं.

काकू रडल्या. उष्ट्या हातानं, मनगटानं डोळे पुसत. मीही रडले, आणि नवऱ्यानं तेवढ्यात बिरडं परत वाढून घेतलं.

ऊन उतरलं, चहा झाला, थंड झाला, परत झाला. आम्हाला चारला निघायचं होतं. नारळ उतरवायला माणूस आला तर काकूंनी त्याला हातानं थांबवलं. “उठवू नका त्यांना,” त्या म्हणाल्या. “उठतील तेव्हा उठतील.” आणि त्या झोपाळ्याखाली सतरंजीवर बसून समुद्राकडे बघत राहिल्या. आमचा मुक्काम एक दिवस वाढला. माझी सोमवारची कचेरी बुडाली, पण त्याबद्दल मी कधी कुणाला काही म्हटलं नाही.

परतताना वडखळला टपरीवाल्यानं आमच्या चपला फळीवर ओळीत ठेवलेल्या होत्या. “येनार म्हाईत होतं,” तो म्हणाला. “अनवानी जाऊन जाऊन कुठवर जानार?” मालकांनी त्याच्या बाकड्यावर बसून चहा घेतला.

पुढच्या थंडीत मालक आणि काकू नागावला साध्या बसनं गेले, एका पिशवीत दोघांचं. त्यानंतरही जात राहिले. मिनीबस अंगणातच राहिली. चेअरमनांचं म्हणणं शेवटी खरं झालं, ते वाढीव बांधकामच ठरलं, त्यात काकूंनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. गल्लीत मालक अजूनही सांगत, “हिला घर सोडवत नव्हतं हो, मी सवय लावली.” काकू मान डोलवायच्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या सहलीनंतरच्या आठवड्यातलं. मी कचेरीतून येऊन चहा टाकला होता. जिन्यावर पावलं वाजली. मालक दारात उभे.

“या ना, बसा,” मी सवयीनं म्हटलं.

“नको, जरा घाईत...” तेही सवयीनं म्हणाले. मग थांबले. खाली बघून चपला काढल्या, आमच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि आत येऊन वेताच्या खुर्चीत बसले. जरा इकडे तिकडे पाहिलं.

“भिंतीला ओल आहे की तुमच्या.”

“तुमचीच आहे ती,” मी म्हटलं.

ते हसले. मी चहा दिला, तो त्यांनी आमच्या कपातून घेतला. चहा संपला. मी कप उचलून आत नेला, विसळला, पालथा घातला आणि बाहेर आले, तरी ते बसलेलेच होते.